फळीवरची तुझी किल्ली

सोलापूर, २९ ऑक्टोबर

युवराज,

'प्रिय' लिहिलेलं नाही, बघितलंस ना. लिहून खोडण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

हे पत्र मी दिवाळीच्या आधीपासून टाळतोय. आधी कागद नव्हता. कागद आणला तर पेन चालेना. पेन आणायला नवी पेठेत गेलो तर तिथं एका पोराचा मोबाईल भिजलेला, तो उघडून देत बसलो आणि पेन विसरून घरी आलो. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण वेगळं. तुला द्यायच्या शिव्या मला बोलताना येतात, लिहिताना त्या पोरकट दिसतात.

फोनवरच दिल्या असत्या. पण तू मला ब्लॉक केलंस. उत्कर्षाला नाही, आशिषला नाही, फक्त मला. पत्ता तुझ्या संस्थेच्या त्या गुळगुळीत पत्रकावरून घेतला. आशिष पुण्याला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला गेला होता, त्याला ते कुठंतरी मिळालं. पत्रकावर निंगव्वाच्या फळीचा फोटो आहे, आपल्या सगळ्यांच्या किल्ल्या लटकलेल्या, आणि खाली छापलंय, 'नवख्या शहरात तरुणांना आपलेपणा देणारा एक प्रयोग'. त्यातली लाल दोऱ्याची किल्ली माझी आहे. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि मी पुण्यात प्रयोग झालो.

आता कामाचं. आपल्या गल्लीतल्या चनमल्लप्पाची पोरगी रेश्मा डेंग्यूनं दवाखान्यात आहे. तीच, जी तुझ्या खोलीच्या दारात बसून तुझ्या पुस्तकांतले नकाशे रंगवायची. आणि परवा आरोग्य खात्याच्या ताई टॉर्च घेऊन गल्लीत आल्या, तेव्हा तुझ्या खोलीतल्या बॅरलमध्ये अळ्या निघाल्या. एकदोन नाही. पाणी हलत होतं.

तू भाषणांत काय सांगत असशील देव जाणे, म्हणून खरं काय होतं ते मीच लिहून ठेवतो. या गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. गल्लीतल्या घरांतून कुणीतरी बाईमाणूस थांबतं. खोल्या करून राहणाऱ्या पोरापोरींना कोण थांबणार? कुणी क्लासला, कुणी एमआयडीसीत, उत्कर्षासारखी कुणी नर्सिंगच्या ड्युटीला. पाणी चुकलं की पाच दिवस शेजाऱ्यांपुढं बादली घेऊन उभं राहायचं. तू म्हणालास, एकानं थांबायचं आणि सगळ्यांचं भरायचं, आळीपाळीनं. पण भरायला खोलीत शिरावं लागतं, आणि अनोळखी माणसाला कोण किल्ली देतंय? तेव्हा तू निंगव्वाच्या बंद कारखान्यात तिच्या नवऱ्याच्या जुन्या मागाची फळी भिंतीला लावलीस, खिळे मारलेस आणि स्वतःची किल्ली पहिली टांगलीस. मग मोहोळच्या पोरांनी टांगली. मग मुलींनी टांगली, तेव्हा तर गल्लीत आठवडाभर कुजबुज चालली होती. पाण्याच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचं जेवण कारखान्यात, कडक भाकरी आणि ज्याच्या घरून जे आलं असेल ते.

हे तू केलंस. मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हे पत्र सोपं गेलं असतं.

मी तर सोलापूरला राहायला आलोच नव्हतो. करमाळ्याहून हैदराबादला निघालेलो. स्टँडवर चहा प्यायला उतरलो आणि बस माझी पिशवी घेऊन गेली. तो चहाही बेकार होता, आलं नुसतं नावाला. तू बाकावर बसला होतास, हसलास आणि म्हणालास, "पिशवी गेली तर जाऊ दे की, तू तरी राहिलास." याच्याआधी मी बारावी सोडली होती, ट्रकवर क्लीनर होतो, पुण्यात हॉटेलात होतो, कुठंच कुणी 'मानसिंग कुठाय' असं विचारलं नव्हतं. त्या फळीवर माझ्या नावाचा खिळा झाला.

आणि नियमही तुझाच. जाणाऱ्यानं एकदा सगळ्यांचं पाणी भरायचं आणि मग आपली किल्ली आपल्या हातानं काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तू मे महिन्यात 'दोन महिन्यांत येतो' म्हणून पुण्याला गेलास. पाणी भरलं नाहीस, किल्ली काढली नाहीस. खोलीचं भाडं मालकाच्या मोबाईलवर येतंय म्हणे. मग आम्ही काय समजायचं? किल्ली खिळ्यावर आहे म्हणजे माणूस आहे. ज्याचा नंबर असेल तो तुझं कुलूप उघडायचा, बॅरल भरलेलंच असायचं कारण वापरणारा कोण आहे, वरून दोन तांबे टाकून काठोकाठ करायचा आणि निघायचा. झाकण फुटकं. त्यावर उभा राहून बल्ब बसवणारा कोण होता ते तुला माहीत आहे. दिवाळीत सगळे गावाला गेले, मी एकटाच मागं होतो, मीही तेच केलं. आलास तर अंघोळीला पाणी असावं, एवढंच डोक्यात. आम्ही तुझ्यासाठी मच्छर पाळले, युवराज.

उत्कर्षा म्हणते की रेश्माला चावलेला डास त्याच बॅरलमधला होता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, अळ्या गल्लीच्या वरच्या अंगाला दोन टायरमध्येही सापडल्या. बरोबर असेल. पण तुझं बॅरल गल्लीसमोर रस्त्यावर पालथं केलं गेलं, ते सगळ्यांनी बघितलं. टायर कुणी बघितले नाहीत.

रविवारी सहा वाजता कारखान्यात गल्ली जमणार आहे. चनमल्लप्पाचं म्हणणं, कारखान्याला कुलूप घाला आणि ही पोरं घालवा. निंगव्वा एवढंच म्हणाली, "कारखाना मी युवराजप्पाच्या शब्दावर दिला. गल्लीला त्रास होणार नाही म्हणाला होता. त्यालाच येऊ दे, त्यालाच बोलू दे." मी सांगितलं तो येणार नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच खोटारडा.

स्पीड पोस्टनं टाकतोय. शुक्रवारपर्यंत मिळेल. ये. भाषण करू नकोस, नुसता ये.

मानसिंग


१ नोव्हेंबर

युवराज,

आज पाणी आलं. दुपारी दोनला, उन्हात. नंबर माझाच होता.

सगळ्यांचं भरून झालं तेव्हा नळ अजून चालू होता. चनमल्लप्पाचं दार बंद. त्याची बायको दवाखान्यात पोरीजवळ, हा सकाळपासून टॉवेल कारखान्यात. मी म्हटलं, दोन बादल्या भरून याच्या दारात ठेवाव्यात. चांगुलपणा वगैरे काही नाही. मला वाटलं, रविवारी उपयोगी पडेल. खरं ते लिहितो.

तो चारला आला. मी समोरच्या पायरीवर बसलो होतो, एक कुत्रं माझी चप्पल चघळत होतं, ते सोडवत होतो. (ते कुत्रं तुझंच, तीन रंगांचं. आता कुणाचंच ऐकत नाही.)

"काय बे, हे कुणी ठेवलं?"

"मी. घरी कुणी नव्हतं म्हणून."

"तुमच्या पाण्यानं माझी पोरगी आडवी झाली. आन् तेच पाणी दारात आणून ठेवतो व्हय?"

"आत्ता नळाला आलेलं ताजं हाय, मामा."

"मामा कुणाचा बे? नातं लावू नको."

आणि त्यानं एक बादली उचलली आणि गटारात ओतली. सावकाश. मग दुसरी. ओतताना माझ्याकडेच बघत होता. या गल्लीत पाणी ओतून देणं म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती, ते माणूस विसरतो. आजूबाजूची दारं उघडली. कोपऱ्यावरची म्हातारी तोंडावर हात ठेवून "अय्यो, नीरु, नीरु" करत पाण्यासाठी हळहळायला लागली. समोरची बाई घागर घेऊन दोन पावलं पुढं आलीसुद्धा, मग लाजून मागं सरली.

मी उठलो होतो. उत्कर्षानं मागून माझी कॉलर धरली नसती तर आज मी हे पत्र चौकीतून लिहिलं असतं. ती कानात म्हणाली, "मान्या, त्याच्या पोरीच्या प्लेटलेट कालपासून खाली चालल्यात. बस खाली." मी बसलो. बसलो म्हणजे कुत्र्यावरच बसलो, ते केकाटत पळालं आणि एकदोन माणसं हसली. चनमल्लप्पा नाही हसला. त्यानं दार लावून घेतलं. त्याच्या घरात तेव्हा थेंबभर पाणी नव्हतं, आणि आता पुढचे पाच दिवस नसणार.

याचा मला आनंद झाला. हेही खरं ते लिहितो.

तुझं उत्तर नाही. उद्या रविवार.

मानसिंग


३ नोव्हेंबर

युवराजसाहेब,

तुमचा मेसेज मिळाला. मला नाही, उत्कर्षाला. तिनं कारखान्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवला, कारण निंगव्वा विचारत होती की पोराचं काय आलं. 'मी आता तिथं राहत नाही, त्यामुळे माझा या विषयाशी संबंध राहिलेला नाही. माझी किल्ली कृपया काढून टाकावी. सगळ्यांना शुभेच्छा.'

कृपया! जिनं तुला कावीळ झाली तेव्हा महिनाभर उसाचा रस आणून पाजला, तिच्यापुढं 'कृपया' वाचलं गेलं. निंगव्वाला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं विचारलं, "मग कधी येतो म्हणाला?" उत्कर्षानं मोबाईल खाली ठेवला.

त्यानंतर जे झालं ते मी तुला सांगू नये खरंतर, तुझा संबंध नाही. पण सांगतो, तुला झोप लागू नये म्हणून.

गल्लीतले पंधरावीस जण होते. एकजण म्हणाला, "भाडेकरू माणसं ही. आज हितं, उद्या तितं. ह्यांना काय पडलंय गल्लीचं?"

मला बोलायचं होतं ते मी घोकून गेलो होतो, सगळं विसरलो. मी म्हटलं, "तीन वर्षं झाली आमी हितं हाय. कुणाचं काय बिघडवलं? एकमेकांची घरं उघडी टाकतो आमी, चमचा इकडचा तिकडं गेला न्हाय."

चनमल्लप्पा भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. आवाज चढवला नाही त्यानं. "तीन वर्षं," म्हणाला. "त्या फळीवर आमच्या गल्लीतली एक तरी चावी हाय का?"

मी फळीकडे बघितलं.

"सांग की बे. माझी बायको विड्या वळायला जाते, मी कामावर. पाणी आमचं पण चुकतं. तुमी हितं दर पाचव्या दिवशी जेवता, हसता, गाणी लावता. तुमचं तुमच्यापुरतं. गल्ली कुठं हाय त्यात?"

"तुमी कधी दिली न्हाय चावी," मी म्हटलं.

"तू कधी मागितली?"

त्या मोहोळच्या पोरांनीसुद्धा मान खाली घातली, जी एरवी गप्प बसत नाहीत. याचं उत्तर तुझ्या पत्रकात कुठं छापलं असेल तर बघ.

मग निंगव्वा उठली. तिला उठायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मी शब्दावर जागा दिली. शब्द देणारा माणूस म्हणतो संबंध नाही. मग मी काय करू, सांगा? गल्लीत मला राहायचंय." तिनं ठरवलं ते असं, की येत्या पाण्याच्या दिवशी शेवटचं पाणी भरायचं, सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या उतरवायच्या आणि ती कारखान्याला कुलूप लावणार. मालक लोक ऐकत होतेच. एकानं लगेच सांगितलं की डिसेंबरपासून एकट्या पोरांना खोली नाही.

आशिष फळीजवळ गेला आणि तुझी किल्ली काढायला लागला. मी त्याचा हात झटकला. त्यानं मला ढकललं, मी त्याला ढकललं. "त्यानंच काढायला सांगितलंय की," तो ओरडला. मी म्हटलं, आपल्या हातानं काढायची, नियम त्याचा आहे, येऊन काढू दे. सगळ्या किल्ल्या उतरल्या तरी ती एक राहील. कुलपाच्या आत, बंद कारखान्यात, गंजत. मला तेच पाहिजे.

मानसिंग


५ नोव्हेंबर

युवराज,

हे पाठवीन की नाही माहीत नाही. तुझ्यावरचा राग लिहून लिहून हात दुखला, राग तसाच आहे.

उद्या पाणी. म्हणजे उद्या सगळं संपणार. मुलींना उत्कर्षाच्या मावशीकडे तात्पुरतं राहायला मिळालंय, ते पार गावाबाहेर, बाळ्याला, तिथून ड्युटीला दोन बस बदलायच्या. मोहोळची पोरं रोज जाऊन-येऊन करू म्हणतात, एकदोन महिन्यांत क्लास सोडतील, लिहून ठेव. मी सकाळी पिशवी बांधली. तेवढीच होती बांधायला. हैदराबादची गाडी रात्री आहे. हैदराबादला माझं कुणी नाही, पण पिशवी तरी तिथं पोहोचली होती एकदा. कुठल्या डेपोत पडली असेल कुणास ठाऊक. त्यात माझा निळा स्वेटर होता, आईनं विणलेला, एक बाही लांब, एक आखूड. असो.

एक गोष्ट सांगायची राहिली. काल मी चनमल्लप्पाच्या दारात गेलो. ठरवून नाही. पिठाची गिरणी बंद होती, परत येताना त्याच्या दारासमोर आलो आणि रविवारचं त्याचं वाक्य परत डोक्यात चढलं. दार वाजवलं. त्यानं उघडलं. मागं घर कोरडं ठणठणीत, घागरी पालथ्या.

मी म्हटलं, "मागतोय."

"काय बे?"

"चावी. तुमी म्हणालात ना, कधी मागितली. आता मागतोय. गल्लीसमोर मागतोय. द्या."

चांगलं बोललो नाही मी, युवराज. भांडायला आल्यासारखा ओरडत होतो. बायका गोळा झाल्या. मी म्हटलं, "बॅरल आमच्या मूर्खपणानं भरलेलं राहिलं. जो गेला त्याच्यासाठी पाणी भरत बसलो आणि जे हितं हायेत त्यांना विचारलं न्हाय. पण तुमी पाणी ओतलंत ते मी विसरणार न्हाय. तरी मागतोय."

त्यानं माझ्या तोंडावर दार लावलं. कडी घातल्याचा आवाजही ऐकू आला. मी पीठ तिथंच पायरीवर विसरून आलो, म्हणजे दळण. ते परत आणायला जायचं धाडस झालं नाही, म्हणून काल सगळ्यांनी भात खाल्ला.

आता कारखान्यात बसून लिहितोय. आशिष आणि बाकीची पोरं कोपऱ्यात सामान बांधतायत, निंगव्वा खाटेवर आहे. फळीकडे बघत नाही, पण तोंड तिकडेच करून पडलीय. मघाशी मी एक खिळा सैल झालेला ठोकत होतो, तर म्हणाली, "राहू दे आता. आणि नवीन मारू नको हं. त्या लाकडाला जेवढे झाले तेवढे बास. ह्यांच्या हातची फळी आहे." मी म्हटलं, उद्या उतरणारच आहेत सगळ्या, नवीन कशाला मारू.

तुला अजून दोन शिव्या द्यायच्या होत्या. पहिली अशी की

थांब. दार वाजतंय.

चनमल्लप्पा आलाय.

उंबऱ्यावर उभा आहे, आत येत नाही. एका हातात माझं दळण. मी लिहीत राहतोय कारण मान वर केली तर काय बोलावं कळत नाही. निंगव्वाच त्याच्याशी कन्नडमध्ये बोलतेय. पोरीचं विचारत असणार. तो मराठीत उत्तर देतोय, म्हणजे मला ऐकवायला.

"उद्या सोडणार तिला. प्लेटलेट वाढल्यात. बायको तिच्यासंगं येणार, मला सुट्टी न्हाय. घरात पाण्याचा टिपूस न्हाय." दळण खाली ठेवत म्हणाला, "रविवारी माझ्या बाजूनं बोलले त्या समद्यांना, पोरांना राहू द्यायचं का, विचारून आलो. बघू म्हणाले. समदे बघू म्हणाले."

मग मला म्हणाला, "ए. काय लिहितो बे एवढं? मागितली होती का न्हाय तू? का नुसता बोंबलायला आला होतास?"

दुसऱ्या हातात किल्ली आहे. पितळी, पांढऱ्या दोऱ्याची. तो म्हणतोय, "भरताना आधी बॅरल पालथं करायचं, घासायचं. आन् झाकण लावायचं. न्हायतर तंगडं मोडीन."

निंगव्वा उठून बसली. ती मला म्हणाली, "तक्रार करणाऱ्याचीच चावी लागली तर मी कुलूप कशी लावू, सांग?" आणि रडतेय की हसतेय ते कळत नाही.

फळीवर मोकळा खिळा नाही. नवीन मारायचा नाही. तो दारात किल्ली घेऊन उभा आहे आणि सगळे माझ्याकडे बघतायत, आशिषसुद्धा.

नियम तुझा होता. मी मोडतोय. पाकीट हाताला जड लागलं तर उलटं करून झटक, तुझी किल्ली आत आहे.

मानसिंग